मार्गदर्शकासह हिमनदीवर: अनेक दिवसांच्या पदभ्रमणाची तयारी

हिमनद्यांच्या प्रदेशात पाठीवर सॅक घेऊन सलग पाच-सात दिवस किंवा त्याहून अधिक काळ चालायचे असेल, तर सोबत अनुभवी मार्गदर्शक असणे ही बहुतेकांसाठी पहिली अट असते आणि ती योग्यच आहे. ताज्या हिमाखाली दडलेली भेग ओळखणे, दोराला बांधलेली तुकडी सुरक्षितपणे पलीकडे नेणे, आकाश पाहून मुक्काम हलवायचा की नाही हे ठरवणे ही कामे वाचून येत नाहीत. त्यासाठी बर्फावर काढलेली वर्षेच लागतात. मात्र मार्गदर्शक घेतला म्हणजे आपली जबाबदारी संपली, अशा समजुतीने जे निघतात ते स्वतःबरोबरच एकाच दोराला बांधलेल्या इतरांनाही अडचणीत आणतात. वाट, हवामान आणि बर्फ यांविषयीचे निर्णय मार्गदर्शक घेतो. परंतु तुमचे डोके दुखते आहे का, पायाची बोटे बधिर झाली आहेत का, काल रात्री अन्न पोटात राहिले का, ही माहिती त्याला तुमच्याखेरीज कोणीही देऊ शकत नाही. ती वेळेवर आणि खरी मिळाली तरच त्याचे कौशल्य तुमच्या उपयोगी पडते. पुढील सर्व सूचना याच दृष्टीने वाचाव्यात.

मोहीम निवडताना

माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा दिवसवार कार्यक्रम अधिक बारकाईने पाहावा आणि त्यातही प्रत्येक मुक्कामाची उंची आधी पाहावी. ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र असावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. दिवसभरात याहून उंच चढून पुन्हा खाली झोपायला येणे चालते; महत्त्व झोपण्याच्या उंचीला असते. ज्या कार्यक्रमात ही मर्यादा पाळलेली नाही, किंवा खराब हवामानासाठी एकही राखीव दिवस ठेवलेला नाही, तो कितीही आकर्षक असला तरी नाकारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. राखीव दिवस नसलेल्या मोहिमेत मार्गदर्शकावर प्रत्येक सकाळी पुढे जाण्याचा दबाव असतो, आणि दबावाखाली घेतलेल्या निर्णयाची किंमत तुकडीला मोजावी लागते.

रोजच्या चालीचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी आहे: सपाटीवर सुमारे पाच किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा हिशेब चांगल्या पायवाटेवरचा आणि हलक्या ओझ्याचा आहे. भरलेली सॅक, विरळ हवा, मऊ हिम आणि दोराची शिस्त यांमुळे हिमनदीवर त्याच अंतराला दुप्पट वेळ लागणेही नवलाचे नाही. कार्यक्रमातील एखादा दिवस या हिशेबानेच दहा तासांचा होत असेल, तर प्रत्यक्षात तो किती लांबेल हे आधीच विचारून घ्यावे.

मार्गदर्शकाची पात्रता विचारण्यात संकोच नसावा. पर्वतीय मार्गदर्शकांच्या राष्ट्रीय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६५ मध्ये स्थापन झाला असून तो आयएफएमजीए किंवा यूआयएजीएम या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याचा बिल्ला मिळवण्यासाठी खडक, बर्फ, स्की आणि बचावकार्य यांचे काही वर्षांचे प्रशिक्षण व परीक्षा पूर्ण कराव्या लागतात. असा बिल्ला नसलेले उत्तम स्थानिक मार्गदर्शकही अनेक ठिकाणी भेटतात. त्यांच्याबाबतीत हिमभेगेतून माणूस बाहेर काढण्याचे प्रशिक्षण, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि त्याच हिमनदीवरचा अलीकडचा अनुभव या तीन गोष्टी विचाराव्यात.

त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. वाटेत एखादा सदस्य आजारी पडला आणि त्याला खाली न्यावे लागले, तर त्याच्याबरोबर कोण जाणार आणि उरलेल्यांसोबत कोण राहणार? या प्रश्नाचे नेमके उत्तर ज्या आयोजकाकडे नाही, त्याच्याकडे पुरेशी माणसे नाहीत. एकच मार्गदर्शक असलेल्या तुकडीत कोणी आजारी पडल्यास सर्वांनी मिळून परतायचे असते, आणि हे ठाऊक असल्यामुळेच आजारी माणूस आपला त्रास लपवतो. म्हणजे माणसांची ही कमतरता थेट माहितीच्या लपवालपवीत उतरते. याच्याच जोडीला संपर्काचे साधन कोणते, सुटकेसाठी हेलिकॉप्टर त्या भागात येऊ शकते का, आणि विमा नेमक्या किती उंचीपर्यंत लागू आहे, हेही लेखी घ्यावे. उपग्रहावर चालणारी संपर्क साधने काही देशांत परवान्याशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे. तेव्हा स्वतःचे साधन नेण्यापूर्वी तेथील नियम तपासावा.

वाट शेवटची कधी चालली गेली, हेही विचारावे, कारण हिमनद्या झपाट्याने बदलत आहेत आणि दहा वर्षांपूर्वीचे वर्णन आज लागू पडेलच असे नाही. न्यूझीलंडमधील फ्रान्झ जोसेफ हिमनदीवर पूर्वी दरीतून चालत जाऊन मार्गदर्शकासह बर्फावर पाय ठेवता येत असे. बर्फ मागे हटून तेथील मुख धोकादायक झाल्यामुळे २०१२ पासून तेथे हेलिकॉप्टरनेच जावे लागते. आल्प्समधील सर्वांत लांब अशा आलेच हिमनदीच्या काठावर कोन्कोर्डिया नावाचे निवारागृह आहे. १८७७ मध्ये ते बांधले गेले तेव्हा बर्फाच्या पृष्ठभागापासून ते जेमतेम ५० मीटर उंचावर होते. आज बर्फ इतका खाली गेला आहे की तेथे पोहोचण्यासाठी कड्याला लावलेल्या शेकडो लोखंडी पायऱ्या चढाव्या लागतात. जुना नकाशा अशा जागी लागणाऱ्या जादा श्रमांची नोंदच देत नाही.

शरीराची तयारी

किमान तीन ते चार महिने आधी सुरुवात करावी. पळण्याने दम वाढतो, परंतु ओझे घेऊन चढण्याला पर्याय नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा जिने किंवा टेकडी, आधी मोकळ्या पाठीने आणि मग दर पंधरवड्याला थोडे वजन वाढवत, शेवटी मोहिमेत असेल तितक्या ओझ्यासह चढावी. उतरण्याचा सरावही तितकाच करावा, कारण मांडीचे स्नायू आणि गुडघे उतारावरच आधी हार मानतात. शेवटच्या महिन्यात सलग दोन-तीन दिवस लांब चालून पाहावे. पहिल्या दिवशी कोणीही चालतो, दुखऱ्या पायांनी तिसऱ्या सकाळी बूट चढवता येतात का, हे तपासायचे असते. हृदयविकार, दमा, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा गर्भावस्था असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आयोजकाच्या आरोग्यपत्रकात काहीही लपवू नये.

साहित्य

बूट आणि क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटांखाली बसवायची दातेरी चौकट) एकमेकांना शोभणारे नसतील, तर दोन्ही निरुपयोगी ठरतात. टाचेला कडक खाच असलेल्या ताठ तळव्याच्या बुटांना मागून चाप बसणारे क्रॅम्पॉन चालतात. लवचीक तळव्याच्या ट्रेकिंग बुटांना पट्ट्यांनी बांधायचेच क्रॅम्पॉन लागतात आणि तेही केवळ मध्यम उतारापुरतेच. ऑस्कर एकेनस्टाइन यांनी १९०८ मध्ये तयार केलेल्या क्रॅम्पॉनला दहा दात होते, आणि हिमनदीवर चालण्यासाठी आजही दहा दात पुरतात; पुढे रोखलेले दात असणारे बारा दातांचे क्रॅम्पॉन तीव्र चढासाठी असतात. खाली हिमाचे गोळे चिकटू नयेत म्हणून लावलेली रबरी पट्टी आहे ना, ते पाहावे. भाड्याने घेतलेले क्रॅम्पॉन मोहिमेच्या आधीच आपल्या बुटांवर जुळवून घ्यावेत आणि जाड हातमोजे घालून ते बांधण्याचा व सोडण्याचा सराव घरीच करावा, कारण पहाटेच्या अंधारात वीस मिनिटे पट्ट्यांशी झटणारा एक माणूस सगळ्या तुकडीला थंडीत उभे करतो. नवे बूट निघण्याआधी पुरेसे चालून मऊ झालेले असावेत, हे तर सांगायलाच नको.

कपडे सुती नसावेत. ओला सुती कपडा लवकर वाळत नाही आणि अंगातील ऊब ओढून घेतो. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर ऊब धरणारा थर आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट अशी रचना असावी. मुक्कामासाठी पिसांचे जाकीट वेगळे ठेवावे. चालू लागण्यापूर्वी किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर असावेत, म्हणजे पंधरा मिनिटांनी घाम येत नाही. हातमोज्यांच्या निदान दोन जोड्या हव्यात, कारण वाऱ्याने उडून गेलेला एक मोजा ही हिमनदीवर मोठी आपत्ती असते.

काळ्या चष्म्याबाबत तडजोड करू नये. उंची दर १,००० मीटरने वाढली की अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, आणि ताजे हिम त्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकते. त्यामुळे हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या आतील कडेलाही त्वचा भाजते. ढगाळ दिवशीही हे घडते. चौथ्या श्रेणीच्या, दोन्ही बाजूंनी झाकलेल्या काचा वापराव्यात. त्या केवळ तीन ते आठ टक्के प्रकाश आत येऊ देतात. हिमांधत्वाची, म्हणजे हिमावरील प्रखर किरणांनी डोळे भाजल्याची, वेदना काही तासांनी, बहुधा संध्याकाळी तंबूत सुरू होते, तोवर इजा होऊन गेलेली असते. एक जादा चष्मा तुकडीत असावाच.

सॅक ५५ ते ७० लिटरची पुरते. वजनदार वस्तू पाठीला लागून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीवर ठेवाव्यात आणि भार कमरेच्या पट्ट्याने नितंबांवर यावा. एकूण ओझे शरीराच्या वजनाच्या चौथ्या भागापेक्षा अधिक होऊ लागले की वस्तू कमी कराव्यात. दोर, तंबू आणि शिधा यांचा आपला वाटा अजून त्यात यायचा आहे, हे लक्षात ठेवून आधीच जागा राखावी. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावर छापलेले ‘कम्फर्ट’ तापमान पाहावे. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा जेमतेम जीव वाचण्यापुरता असतो, झोपेसाठी नव्हे. खालची मॅट दुर्लक्षित राहते, पण हिमावर थंडी खालूनच येते. मॅटची ऊब रोखण्याची क्षमता आर-मूल्याने सांगतात. हिमावर ते पाचच्या आसपास असावे आणि दोन मॅट एकमेकींवर घातल्यास त्यांच्या मूल्यांची बेरीज होते.

उंची आणि खरे बोलणे

समुद्रसपाटीवर काय आणि शिखरावर काय, हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर तो निम्मा राहतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, परंतु त्याला काही दिवस लागतात आणि हा वेग माणसागणिक वेगळा असतो. तो व्यायामाने वाढत नाही. उलट धडधाकट तरुण भरभर चढतात आणि म्हणून अनेकदा तेच आधी आजारी पडतात.

नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांत डोकेदुखी सुरू झाली आणि तिच्यासोबत मळमळ, गळून जाणे किंवा चक्कर असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजावा. नियम साधा आहे: लक्षणे असताना वर जायचे नाही, लक्षणे वाढत असतील तर खाली जायचे. बहुतेक वेळा त्याच उंचीवर एक दिवस विश्रांती घेतल्याने बरे वाटते. परंतु विश्रांती घेऊनही धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर फुप्फुसांत पाणी साचू लागले आहे. हे बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री उद्भवते. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावून चालताना तोल जाऊ लागला, तर मेंदूला सूज आली आहे. या दोन्ही अवस्थांत सकाळची वाट पाहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. रात्र असली तरी माणसाला तत्काळ खाली न्यावे. प्राणवायूचे नळकांडे आणि रुग्णाला आत ठेवून हवेचा दाब वाढवणारी पिशवी ही साधने खाली उतरेपर्यंतचा वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत.

ॲसिटाझोलामाइड हे औषध शरीराला जुळवून घेण्यास मदत करते, परंतु ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, ॲलर्जीचा इतिहास सांगून आणि घरी एकदा घेऊन पाहून मगच न्यावे. झोपेच्या गोळ्या आणि मद्य टाळावे. तहानेपुरते पाणी नियमित प्यावे, पण भरमसाट पाणी प्यायल्याने उंचीचा आजार टळतो हा समज चुकीचा आहे.

चांगला मार्गदर्शक रोज सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकाची विचारपूस करतो. त्या वेळी ‘ठीक आहे’ एवढेच म्हणू नये. डोकेदुखी आहे का, असल्यास गोळी घेतली का, किती वाजता घेतली, जेवण किती गेले, लघवी झाली का, रात्री कितीदा जाग आली, हे नेमके सांगावे. वेदनाशामक गोळी घेऊन ‘डोके दुखत नाही’ असे सांगणे ही हिमनदीवरची सर्वांत धोकादायक अर्धवट माहिती आहे, कारण तिच्या भरवशावर मार्गदर्शक दुसऱ्या दिवशी तुकडी आणखी वर नेतो. सोबत्याविषयीही बोलावे. तंबूतला जोडीदार जेवला नाही, चिडचिड करतो आहे किंवा नेहमीपेक्षा गप्प आहे, हे आधी तुम्हालाच दिसते; ते मार्गदर्शकाच्या कानावर घालण्यात चुगलखोरी नाही.

बर्फावर चालताना

हिमनदीचे दोन भाग ध्यानात घ्यावेत. खालच्या भागात वरचे हिम वितळून गेलेले असते आणि उघडा, खडबडीत बर्फ दिसतो. तेथील भेगा डोळ्यांना दिसतात, त्यामुळे मार्गदर्शक अनेकदा दोराशिवाय चालवतो. हिम टिकून राहते त्या हिमरेषेच्या वर मात्र भेगांवर हिमाचे पूल तयार झालेले असतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत, निरागस दिसतो. येथे दोर अनिवार्य असतो. बर्फ जेथे उताराच्या उंबरठ्यावरून खाली वळतो, जेथे दरी वळण घेते आणि जेथे तो कडेच्या खडकाला घासतो, तेथे ताण येऊन भेगा पडतात. बहुतेक भेगा तीस-चाळीस मीटरपर्यंतच खोल जातात, कारण त्याखाली वरच्या वजनाने बर्फ मऊ पदार्थासारखा वाहतो आणि भेग मिटवतो. पण पडणाऱ्या माणसाला तेवढी खोलीही पुरेशी असते.

एका दोरावर सामान्यतः तीन ते पाच जण असतात आणि दोघांत दहा ते पंधरा मीटर अंतर राखले जाते. हे अंतर राखणे हे तुमचे काम आहे आणि ते दिवसभर करायचे आहे. दोर पुढच्या माणसाला ओढणार नाही आणि खाली ढीगही होणार नाही, हिमाला जेमतेम टेकून जाईल, इतकाच सैल असावा. ढिला दोर असताना पुढचा माणूस भेगेत पडला, तर तो सैल भागाइतका अधिक खोल जातो आणि तो धक्का तुम्हाला पायांवरून खेचून नेतो. म्हणून फोटो काढण्यासाठी, पाणी पिण्यासाठी किंवा गप्पांसाठी पुढच्याच्या जवळ जाऊ नये. थांबायचे झाल्यास मार्गदर्शकाला हाक द्यावी आणि त्याने सांगितलेल्या जागीच, दोर ताणलेला ठेवून थांबावे. क्रॅम्पॉनचा दात दोरावर पडू देऊ नये. पडलाच तर लगेच सांगावे. भेगा ज्या दिशेने पसरल्या आहेत तिला तुकडीची रांग शक्यतो काटकोनात असते, म्हणजे एकाच भेगेवर दोघे एका वेळी येत नाहीत. मार्गदर्शक अचानक वळला, तर मधली वाट न कापता त्याच्या पावलांवरच वळावे.

कोणी पडल्यास इतरांनी क्षणात खाली बसून किंवा पालथे होऊन आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि बुटांच्या टाचा हिमात रुतवाव्यात व पडलेल्याचा भार धरून ठेवावा. भेगेच्या कडेशी धावत जाऊ नये. पुढचे काम मार्गदर्शक सांगेल तसेच होईल. हा सराव पहिल्याच दिवशी सुरक्षित उतारावर प्रत्यक्ष करून घेतला गेला पाहिजे, आणि आयोजक तो टाळत असेल तर आग्रह धरावा. भेगेच्या आत तापमान फार खाली असते, म्हणून एक उबदार कपडा आणि हातमोजे सॅकच्या तोंडाशी ठेवावेत.

क्रॅम्पॉन घालून चालताना पाय थोडे फाकवून, तळवा उताराला समांतर टेकवत, सर्व दात एकदम रोवत चालावे. पायांची कड रुतवण्याची सवय येथे घातक ठरते. विजारीचे पायघोळ टोक किंवा सुटलेली बुटाची नाडी दातात अडकून पडणे हे फार नेहमीचे अपघात आहेत. बूट आणि पोटरी झाकणारे गेटर्स त्यासाठीच असतात.

निघण्याची वेळ पहाटे दोन-तीनची ठरली, तर कुरकुर करू नये. रात्रीच्या थंडीत हिमाचे पूल घट्ट होतात, कड्यांतील सैल दगड बर्फाने धरून ठेवलेले असतात आणि वितळपाण्याचे ओढे ओसरलेले असतात. दुपारनंतर हे सारे उलटते. आकाश निरभ्र आहे म्हणून धोका नाही, असेही समजू नये. ३ जुलै २०२२ रोजी इटलीतील मार्मोलाडा हिमनदीचा मोठा भाग दुपारी तुटून कोसळला आणि ११ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्या दिवसांत शिखरावर तापमान दहा अंशांपर्यंत चढले होते आणि हवा स्वच्छ होती. सलग उष्ण दिवसांनंतर मार्गदर्शकाने सुंदर सकाळी वाट बदलली किंवा मुक्काम हलवला नाही, तर त्यामागे असे कारण असते.

ओढे ओलांडण्याचे काम शक्यतो सकाळी उरकावे. पाणी दगडांचा चुरा घेऊन दुधाळ झालेले असल्यामुळे तळ दिसत नाही. प्रवाह जेथे रुंद होऊन फाटे फुटले आहेत तेथे तो उथळ असतो. बूट काढून अनवाणी उतरू नये. सॅकचे छातीचे व कमरेचे पट्टे सोडून ठेवावेत, म्हणजे पडल्यास सॅक टाकता येते. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर येत असेल, तर पहाटेपर्यंत थांबणे हाच शहाणपणा आहे.

मुक्कामी

हिमावर तळ लावण्यापूर्वी मार्गदर्शक लांब सळीने हिम टोचून भेगा तपासतो आणि सुरक्षित क्षेत्राच्या कडेला काठ्या रोवतो. दोर सोडल्यानंतर त्या काठ्यांच्या बाहेर एक पाऊलही टाकू नये, रात्री लघवीसाठीसुद्धा नाही. दिवसभर काळजीने चाललेली माणसे संध्याकाळी दोर सुटला की सैलावतात, म्हणून हे आवर्जून सांगत आहे.

पाणी हिम वितळवून मिळवायचे असते आणि त्यात बराच वेळ व इंधन जाते. भांड्यात तळाशी थोडे पाणी ठेवून मगच हिम घालावे, नाहीतर भांडे करपते आणि पाण्याला जळका वास येतो. ओढ्याचे दुधाळ पाणी रात्रभर निवळू द्यावे. त्यातील बारीक चुरा गाळणी तुंबवतो. २,००० मीटरच्या वर पाणी उकळी फुटल्यानंतर तीन मिनिटे उकळावे. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याची लक्षणे उंचीच्या आजारासारखीच असल्याने फसगत होते. भूक मंदावली तरी थोड्या-थोड्या वेळाने खात राहावे.

संध्याकाळी मोजे काढून पायांची बोटे रोज पाहावीत. पांढरी पडलेली, बधिर जागा चोळू नये. सोबत्याच्या काखेत किंवा पोटावर ठेवून ऊब द्यावी आणि मार्गदर्शकाला दाखवावी. खोलवर गोठलेला भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर तो वाटेत वितळवू नये. एखाद्याचे पाय अडखळू लागले, शब्द जड झाले, साधी चेन लावता येईना, तर शरीराचे तापमान घसरते आहे, असे समजून त्याला वाऱ्यापासून आडोसा, कोरडे कपडे आणि शुद्धीवर असल्यास गोड गरम पेय द्यावे.

विष्ठेचा प्रश्न संकोचाने टाळला जातो, पण हिमनदीवर ती कुजत नाही. भेगेत टाकलेली घाण बर्फाबरोबर हळूहळू खाली सरकते आणि वर्षांनंतर कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात उतरते. अलास्कातील डेनाली पर्वतावर २०१८ पासून १४,००० फुटांवरील तळाच्या खाली जमलेली सर्व विष्ठा डब्यात भरून परत आणणे बंधनकारक आहे. जेथे असा नियम नाही तेथेही पिशव्या नेऊन हेच करावे. बर्फ सोडून मातीवर आल्यावर पाण्यापासून साठ मीटर दूर, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा पुरेसा असतो, मात्र वापरलेला कागद परतच आणावा.

मागे फिरणे आणि उतरणे

मार्गदर्शकाने खिंडीच्या अलीकडे तुकडी थांबवली, तर त्याच्याशी वाद घालू नये. कारण जरूर विचारावे, संध्याकाळी तंबूत सविस्तर विचारावे, पण जागेवर सौदेबाजी करू नये. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पुढे जाण्याचा निर्णय झाला असताना तुम्हाला ते झेपणार नाही असे वाटत असेल, तर शेवटच्या सुरक्षित जागेपूर्वी सांगावे. मुक्कामावर ‘मी आज येत नाही’ म्हटले तर दुसऱ्या मार्गदर्शकाची व्यवस्था करता येते. भेगांच्या पट्ट्याच्या मधोमध म्हटले तर सर्वांनाच परतावे लागते.

उतरताना हेल्मेट काढण्याची घाई नको. बर्फाच्या कडेचे हिमोढ हे सैल दगडांचे उंच ढिगारे असतात आणि आतला बर्फ वितळत असल्यामुळे त्यांवरील दगड पायाखालून सुटतात. एकाच्या बरोबर वर दुसरा येणार नाही अशा रीतीने, पुरेसे अंतर ठेवून उतरावे. चालण्याच्या काठ्यांची लांबी वाढवून घ्यावी आणि पाऊल लहान ठेवावे.

घरी परतल्यावर बोटांचा बधिरपणा आठवडाभरात गेला नाही, खोकला किंवा धाप कायम राहिली, अथवा दृष्टीत डाग दिसू लागले, तर डॉक्टरांकडे जावे, आणि कोणत्या उंचीवर किती रात्री काढल्या, कोणती औषधे केव्हा घेतली आणि लक्षणे नेमकी कोणत्या मुक्कामापासून सुरू झाली, हे त्यांना क्रमाने सांगावे.